बेळगावचा भुईकोट: गाडीतून पाहू नका

किल्ल्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही, असं सांगणारे बहुतेक जण गाडीतून एक फेरी मारून परतलेले असतात. भुईकोट तसा कळत नाही. आत सरळ डांबरी रस्ता, झाडं, कचेऱ्या आणि लष्कराच्या इमारती असल्यानं आपण गडात आहोत हेच विसरायला होतं. मध्यवर्ती बसस्थानकापासून दरवाजा जेमतेम एक किलोमीटर आहे, तेव्हा चालतच जा आणि निदान तीन तास हाताशी ठेवा.

आत शिरण्याआधी खंदकाच्या कडेनं थोडं चाला. सुमारे 100 एकरांचा हा लंबगोल कोट किती भक्कम होता ते बाहेरूनच समजतं. 1473 साली बहामनी वजीर महमूद गवाननं तो घेताना तटाखाली सुरुंग उडवले, तर 1818 मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेला तीन आठवडे तोफा डागाव्या लागल्या. आज तटाला खरा धोका मुळांचा आहे. सांध्यात पिंपळ रुजतो, मूळ जाड होत जातं आणि चिरा पुढं ढकलला जातो. असे पुढं आलेले चिरे दिसले की त्यांच्याखाली थांबू नका. पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तटावर चढूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम.

खरा ऐवज म्हणजे कमल बस्ती; बस्ती म्हणजे इथं जैन मंदिर. इथल्या रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं 1204 मध्ये हे नेमिनाथाचं मंदिर बांधलं. उन्हातून आत गेल्यावर आधी काळोखच दिसतो, पाचेक मिनिटं डोळे सरावू द्या. मग घुमटातून खाली झुकलेलं दगडी कमळ हळूहळू उलगडतं. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांचे 24-24 तीर्थंकर त्याच्या 72 पाकळ्यांवर आहेत. टॉर्च सरळ वर मारला तर सगळं सपाट दिसतं. तोच बाजूनं तिरका धरला की पाकळीच्या कडेला सावली पडते आणि एकेक मूर्ती उठून येते. नित्य पूजेचं स्थान आहे, त्यामुळे टॉर्च असो वा फोटो, तिथल्या उपाध्यांना आधी विचारा. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवा. काळ्या दगडाचे गुळगुळीत खांबही सावकाश बघा, इतकी सफाई या भागात क्वचितच दिसते. दानाची नोंद असलेले इथले दोन शिलालेख मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. निदान त्यांचे ठसे इथं लावायला हवेत, माहितीफलकावर ती उणीव फार जाणवते.

शेजारची चिक्की बस्ती भग्न आहे, पण नर्तक-वादकांच्या शिल्पपट्टीसाठी दहा मिनिटं द्याच. साफा मशिदीच्या खांबांवर रट्ट आणि यादव काळातले लेख आहेत. भोवती लष्कराचा वावर असल्यानं प्रवेश गृहीत धरू नका, पहाऱ्यावर विचारा आणि कॅमेरा पिशवीत ठेवा. रामकृष्ण आश्रमात 1892 मधल्या विवेकानंदांच्या मुक्कामाची जागा जपली आहे, तिथली शांतता उन्हातल्या चालण्यानंतर बरी वाटते.

सकाळी आठला सुरुवात केली तर बस्ती आणि आश्रम दोन्ही दुपारच्या आत होतात. पाणी सोबत घ्या. घरातल्या वयस्कर माणसांना रिक्षानं थेट बस्तीपाशी उतरवा, खंदकाची फेरी त्यांच्यासाठी नाही.