गाळा आणि गायरान: लिलाव करावा, बचत गटाला द्यावा की गुरांसाठी राखावे?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रामसभांत हा विषय येतोच. पंचायतीचा गाळा बंद आहे, गायरान पडून आहे, काय करायचं? ‘पडून आहे’ म्हणण्याआधी एकदा सकाळी तिकडे जाऊन या. कोणाच्या शेळ्या चरतात, सरपण कोण वेचतं, पावसाळ्यात म्हशी कुठं उभ्या राहतात ते बघा.

या दोन्हींना एकच माप लावू नका. गाळा पंचायतीने बांधलेला, त्यामुळे तो भाड्याने द्यायचा निर्णय पंचायत घेऊ शकते. गायरान, म्हणजे कन्नड कागदावरचं ‘गोमाळ’, सरकारी मालकीचं असतं. पंचायत ते गावासाठी सांभाळते, विकू शकत नाही. पहाणीतला (म्हणजे सातबारासारख्या जमिनीच्या उताऱ्यातला) मालकाचा रकाना आधी वाचा. कन्नड वाचता येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत न्या, पण न समजलेल्या कागदावर अंगठा किंवा सही नको.

गाळ्यापुरतं बोलायचं तर लिलावात भाडं जास्त मिळतं. दिवाबत्ती आणि नळासाठी तो पैसा लागतोच, त्याला नाकं मुरडायचं कारण नाही. बसस्टँडजवळचा, गिऱ्हाईक चालून येणारा गाळा खुशाल लिलावात काढा. पण सगळेच गाळे सर्वांत मोठ्या बोलीला गेले, तर ते शहरातल्या व्यापाऱ्याकडे जातात आणि तोच पुढे पोटभाडेकरू ठेवतो. गावातल्या बाईला बसायला जागा उरत नाही. निपाणी भागात विड्या वळणाऱ्या बायकांना पंखा, दिवा आणि कोरडी फरशी असलेली खोली किती मोलाची आहे, ते त्याच सांगतील. मी आतल्या गल्लीतला गाळा बचत गटालाच देईन. भाडं कमी आलं तरी चालेल, पण करार लेखी हवा: मुदत किती, गट फुटला तर काय, पोटभाडं बंद.

गायरानाचा हिशोब वेगळा आहे. कर्नाटकाच्या 1966 च्या महसूल नियमांत दर 100 जनावरांमागे 12 हेक्टर चराई राखून ठेवण्याचं माप दिलं आहे. म्हणून आधी गावातली गुरं मोजा. माप अपुरं पडत असेल तर शेड, प्लॉट, भाडेपट्टा असल्या प्रस्तावांच्या बाजूने हात वर करू नका. सुप्रीम कोर्टाने 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालात सगळ्या राज्यांना गावच्या सामायिक जमिनींवरचं अतिक्रमण हटवण्याची योजना आखायला सांगितलं. हा आधार ग्रामसभेत मोठ्याने वाचण्याजोगा आहे. माप भरूनही जमीन शिल्लक असेल, तर तिथं चाऱ्याची झाडं आणि पाणवठा हा पर्याय मला भाडेपट्ट्याहून बरा वाटतो. एकदा गेलेली चराई परत मिळवायला गावाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

खानापूर तालुक्यात आणखी एक पेच आहे. जमीन महसुलाची की वनखात्याची? वनाची असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभा सामूहिक हक्क मागू शकते. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना मात्र 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. गवळी-धनगर वाड्यांनी म्हाताऱ्यांचे जबाब आणि जुने दाखले आत्ताच जमवावेत.

आणि ग्रामसभा सकाळी अकराला ठेवू नका. त्या वेळी शेळ्या राखणारे रानात असतात. संध्याकाळी ठेवा, ठराव मराठीतूनही वाचून दाखवा, मगच मत घ्या.