एल्डन रिंग: ‘ग्रेटस्वोर्ड’ बिल्ड, आठ महिन्यांच्या वापरानंतर

एल्डन रिंग या व्हिडिओ गेममधली कटाना (जपानी तलवार) म्हणजे दांडपट्टा म्हणावा, तर ‘ग्रेटस्वोर्ड’ ही तलवार म्हणजे मुसळ. वजन २३, उंची जवळपास आपल्या पात्राएवढी, आणि वार उठून खाली पडेपर्यंत समोरचा बॉस (मोठा शत्रू) आपला हात साफ करून मोकळा होतो. पहिल्या आठवड्यात हा बिल्ड (शस्त्र आणि पात्राच्या गुणांची जुळणी) टाकून द्यावासा वाटतो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मूळ खेळ दोनदा आणि त्याचा विस्तार (डीएलसी) शॅडो ऑफ दि अर्डट्री एकदा पार केल्यावर मत मात्र उलटं झालंय: आपल्या चुका पोटात घालणारा याच्याइतका दुसरा बिल्ड या खेळात क्वचितच सापडेल. अट एकच, लेव्हल वाढवतानाचे पॉइंट कुठे आणि कोणत्या क्रमाने घालायचे ते चुकवायचं नाही.

सुरुवात व्हॅगाबाँड या पात्रप्रकाराने करा. हीरो या दुसऱ्या प्रकाराची स्ट्रेंग्थ (ताकद) १६ आहे म्हणून बरेच जण तिकडे वळतात, पण त्याची डेक्स्टेरिटी (चपळाई) फक्त ९, आणि ग्रेटस्वोर्डला स्ट्रेंग्थ ३१ व डेक्स्टेरिटी १२ लागते. व्हॅगाबाँडची डेक्स्टेरिटी १३ असल्याने तो प्रश्न पहिल्या मिनिटालाच मिटतो. ३१ चा आकडा बघून घाबरू नका. तलवार दोन्ही हातांत धरली की स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते, त्यामुळे प्रत्यक्षात २१ पुरते. म्हणजे व्हॅगाबाँडच्या १४ वरून फक्त सात पॉइंट, लेव्हल १६ ला काम झालं. तलवार केलिड या प्रदेशाच्या पश्चिम भागात एका गाडीच्या मागच्या पेटीत आहे. घोड्यावरून जा, पेटी उघडा, निघा. तिथल्या कुत्र्यांशी वाद घालायची ही वेळ नव्हे.

तोवर वीपिंग पेनिन्सुलातल्या कॅसल मॉर्नमधली क्लेमोर ही तलवार वापरा. तिला स्ट्रेंग्थ १६ आणि डेक्स्टेरिटी १३ लागते, म्हणजे व्हॅगाबाँडच्या हातात ती दोन्ही हातांनी पहिल्या दिवसापासून चालते. काही जणांनी ती शेवटपर्यंत सोडली नाही, आणि त्यांचं फारसं काही चुकलं असंही नाही.

आता खरा मुद्दा. हा बिल्ड फसतो तो स्ट्रेंग्थच्या हव्यासापायी. वार मोठा पडावा म्हणून सगळे रून्स (लेव्हल वाढवायचं चलन) तिथे ओतले जातात, आणि मग मार्गिट या सुरुवातीच्या बॉसच्या दोन फटक्यांत खेळ आटोपतो. मोठा वार मुळात तलवारीच्या ‘+’ आकड्यातून (ती किती वेळा सुधारली त्यातून) येतो, स्ट्रेंग्थ त्यावरची फोडणी आहे. म्हणून रून्स आधी व्हिगरमध्ये घाला. व्हिगर ४० ला एचपी (जीव) १४५०, ६० ला १९००. त्यापुढे ९९ पर्यंत नेलं तरी २१०० च होतात, म्हणजे ३९ पॉइंट खर्चून २०० एचपी, हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. मधल्या टप्प्याचं गणित असं: व्हिगर ४०, एंड्युरन्स (दम आणि भार पेलण्याची क्षमता) २०, स्ट्रेंग्थ ४०, लेव्हल ६९. ही ४० दोन्ही हातांनी ६० मोजली जाते, आणि ६० नंतर स्ट्रेंग्थच्या प्रत्येक पॉइंटचा परतावा घटतो, म्हणून तिथे थांबायला हरकत नाही. शेवटी व्हिगर ६०, एंड्युरन्स ३०, स्ट्रेंग्थ ५४, माइंड (खास वारांसाठीची शक्ती) १५, म्हणजे लेव्हल ११८. ५४ च का? दीडपट केली की ८१ होते, आणि ८० ला पुढची उतरण लागते. आधीच पॉइंट उधळून बसला असाल तर रेनाला या बॉसला हरवल्यावर लार्व्हल टिअर ही वस्तू देऊन सगळं पुन्हा वाटता येतं.

तलवार +२४ पर्यंत न्यायला स्मिदिंग स्टोन या सुधारणेच्या दगडांच्या आठ प्रतींचे प्रत्येकी १२, म्हणजे एकूण ९६ दगड लागतात, आणि +२५ साठी एक एन्शंट ड्रॅगन स्टोन. हे गुहागुहांतून वेचत बसलात तर कंटाळा येईल. राया लुकारिया क्रिस्टल टनेलमधल्या बॉसला मारलं की पहिली बेल बेअरिंग (दुकानात नवा माल आणणारी वस्तू) मिळते. ती राउंडटेबल होल्ड या तळावरच्या जुळ्या म्हाताऱ्यांना दिली की पहिल्या दोन प्रतींचे दगड विकत मिळतात. तो स्फटिकाचा बॉस हलक्या तलवारींना दाद देत नाही, कवच फुटेपर्यंत वार नुसते घसरतात. या मुसळापुढे मात्र ते कवच फार वेळ तग धरत नाही. बिल्डचा पहिला मोबदला इथेच हातात पडतो.

अ‍ॅश ऑफ वॉर (तलवारीला जोडायचा खास वार) कुठली, यावर फार डोकं लावू नका. केलिडमधल्या फोर्ट गेलच्या सिंहाकडून लायन्स क्लॉ घ्या. तिच्यासोबत हेवी अ‍ॅफिनिटी (स्ट्रेंग्थचा जास्त फायदा देणारा गुण) येतेच, त्यामुळे गेटफ्रंट रुइन्सच्या तळघरातला, ती जोडून देणारा व्हेटस्टोन नाइफ एवढ्यावर भागतं. या वारात कोलांटी मारताना छोटामोठा फटका बसला तरी वार तुटत नाही.

लढताना कळीची गोष्ट बॉसचा तोल आहे. तो एचपीपासून वेगळा मोजला जातो, पडद्यावर दिसत नाही, आणि काही सेकंद वार पडला नाही की परत भरू लागतो. तोल सर्वांत लवकर मोडतो तो चार्ज केलेल्या (बटण धरून ठेवून दिलेल्या) हेवी वाराने आणि उडी मारून दिलेल्या हेवी वाराने. साधे वार करत बसणं म्हणजे या तलवारीचा अपमान आहे. उडीचा दुसरा फायदा, जमिनीवरून येणाऱ्या लाटा पायाखालून जातात. गॉडफ्रे हा बॉस पाय आपटतो तेव्हा रोल (लोळून चुकवणं) करू नका, उडी मारा आणि उतरताना हेवी वार द्या. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या छपरांवर सापडणारा क्लॉ टॅलिस्मन (ताईत) उडीचे वार १५ टक्क्यांनी वाढवतो. तोल मोडून बॉस गुडघ्यावर आला की लगेच क्रिटिकलला (तेव्हाच देता येणाऱ्या मोठ्या वाराला) धावू नका. आधी एक पूर्ण चार्ज केलेला वार, मग क्रिटिकल, दोन्ही बसतात. दोन ग्रेटस्वोर्ड दोन हातांत घेणं दिसायला झकास, पण तेव्हा दीडपटीचा हिशेब लागू होत नाही आणि वजन ४६ वर जातं. एकूण भार ७० टक्क्यांच्या आत ठेवला नाही तर रोल जड होतो आणि सगळंच बिनसतं.

रोलबद्दल एक बारकावा कोणी सांगत नाही. धावणं आणि रोल एकाच बटणावर असल्याने रोल बटण दाबल्यावर नाही, सोडल्यावर होतो. बटण दाबून धरायची सवय असली की प्रत्येक रोल किंचित उशिरा निघतो, आणि दोष मात्र बॉसच्या वेगाला दिला जातो. मार्गिट नेमका यावरच जगतो. काठी वर उचलतो, थांबतो, आणखी थांबतो. काठी उचललेली बघून रोल केला की रोल संपता संपता ती डोक्यात बसते. काठी खाली यायला लागली की बटण टिचकीसारखं दाबून सोडा, त्याच्या दिशेनेच आत शिरा, उडीचा एक वार द्या, बाहेर या. दुसऱ्या वाराचा मोह म्हणजे एक फ्लास्क (जीव भरणारी बाटली) गेला म्हणून समजा.

तक्रारी आहेतच. फायर जायंट (अग्निराक्षस) किंवा ड्रॅगनसमोर लॉक-ऑन (कॅमेरा शत्रूवर खिळवणं) ठेवला की कॅमेरा आभाळाकडे बघत बसतो. लॉक-ऑन काढून टाका आणि फायर जायंटच्या डाव्या, पट्टी बांधलेल्या घोट्यावर वार करत राहा. मलेनिया या बॉससमोर हा बिल्ड सर्वांत उघडा पडतो. तिचा वार ढालीवर झेलला तरी तिचं रक्त (एचपी) भरतं, त्यामुळे ढाल बाद. पहिल्या टप्प्यात तिचं रक्त तीन चतुर्थांशावर आलं की वॉटरफाउल डान्स हा तिचा सलग वारांचा हल्ला कधीही येऊ शकतो, आणि तेव्हा तुम्ही तलवार उचललेल्या अवस्थेत तिच्या पायाशी असाल तर वाचणं अवघड. त्यापुढे एक वार, मग अंतर. ती हवेत थबकली की पाठ फिरवून धावा.

डीएलसीत लेव्हलपेक्षा स्कॅड्युट्री ब्लेसिंग (तुकडे गोळा करून वाढणारं बळ) महत्त्वाचं. तुकडे ५०, पायऱ्या २०. अंगठी-चिलखत बदलत बसण्याआधी नकाशावर तुकडे शोधा. डीएलसीतला शेवटचा बॉस रडान याचे हल्ले सप्टेंबर २०२४ च्या १.१४ अपडेटमध्ये बदलले, काही सौम्यही झाले. त्याआधीचे व्हिडिओ बघून रोलच्या वेळा पाठ करू नका, त्या आता जुळत नाहीत.