घरच्या घरी लैंगिक संसर्गाची तपासणी: दहा महिने, चार किट

डॉक्टरांसमोर बसून ‘शेवटचा संबंध कधी आला’ याचं उत्तर द्यायला नको, म्हणून मी पहिलं किट मागवलं. यात शहाणपण काही नव्हतं, नुसता संकोच होता. तेव्हापासून दहा महिन्यांत चार किट झाली, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते दोन्हींना सारखंच लागू आहे.

खोक्यावर काहीही छापलेलं नसतं, ही पहिली जमेची बाजू. आत एक-दोन स्वॅब (टोकाला कापसासारखा बोळा असलेली नमुन्याची काडी), द्रव भरलेली ट्यूब, बोट टोचायच्या तीन सुया, रक्तासाठी करंगळीच्या नखाएवढी बारीक नळी, लेबलं आणि परतीचं पाकीट.

स्वॅबची भीती उगाच होती. काडी दोनेक इंच आत घालायची, अर्धा मिनिट फिरवायची, ट्यूबमध्ये सोडून खुणेवर मोडायची. झालं. क्लॅमिडिया आणि गनोरिया या जिवाणूंमुळे होणाऱ्या दोन लैंगिक संसर्गांसाठी बाईने स्वतः घेतलेला योनिमार्गाचा स्वॅब डॉक्टरांनी घेतलेल्याइतकाच भरवशाचा असतो, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर आरशासमोर इतका वेळ घालवला नसता. मात्र हा स्वॅब घशातला संसर्ग दाखवत नाही. तोंडाने संबंध आला असेल तर घशाचा स्वॅब वेगळा लागतो, आणि तो माझ्या पहिल्या किटमध्ये नव्हताच.

रक्ताचं प्रकरण वेगळं. पहिल्या वेळी मी थंड हाताने बसले, बोटाच्या ऐन मधोमध टोचलं आणि चार थेंबांत धार आटली. मग पिळ पिळ पिळलं. नळी कशीबशी अर्धी भरली, रंगही बरा दिसत होता. सहा दिवसांनी निरोप आला: रक्तपेशी फुटल्या आहेत, नमुना बाद. पिळल्यामुळेच फुटतात. दुसऱ्या वेळी पाच मिनिटं हात कोमट पाण्यात धरला, उभी राहिले, हात कमरेखाली सोडला, अनामिकेच्या टोकाला कडेला टोचलं, पहिला थेंब पुसून टाकला आणि बाकीचे आपापले पडू दिले. तीन-चार मिनिटांत नळी खुणेपर्यंत भरली. झाकण लावून हलकेच आठ-दहा वेळा उलटी-सुलटी केली, नाहीतर रक्त गोठतं आणि तेही बाद. एवढ्या साध्या गोष्टी माहितीपत्रकात चित्रं काढून दाखवायला काय हरकत होती?

आता खरी चूक सांगते, आणि ती माझी आहे. एका माणसाशी कंडोमशिवाय संबंध आला होता. घाबरून मी अकराव्या दिवशी स्वॅब पाठवला. रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि विषय बंद केला. पत्रकाच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की क्लॅमिडिया-गनोरियासाठी साधारण दोन आठवडे थांबा. एचआयव्हीसाठी शिरेतून काढलेल्या रक्तावर लॅबची अँटिजेन-अँटिबॉडी तपासणी (विषाणूचा अंश आणि त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, दोन्ही शोधणारी) 45 दिवसांनी खात्रीचं सांगते, पण बोटाच्या रक्तावर 90 दिवस धरावे लागतात. सिफिलिसलाही तीन महिने लागू शकतात. म्हणजे किट आजचं उत्तर देत नाही, काही आठवड्यांपूर्वीचं देतं. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हेच एक वाक्य मोठ्या अक्षरांत छापायला हवं. आणि धोका परवाचाच असेल तर किट मागवत बसूच नका: एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात. तेव्हा सरळ डॉक्टर.

त्यानंतर माझ्या आयुष्यात दुसरा माणूस आला, टिकणारा. तीन महिन्यांनी आम्ही दोघांनी मिळून तपासणी करायचं ठरवलं. कंडोम दोन-तीनदा राहून गेला होता, त्यामुळे जरा उशीरच म्हणायचा. हे दुसरं किट.

नमुना पाठवल्यावर ॲपवर चार पायऱ्या दिसतात: पाठवला, पोहोचला, तपासणी सुरू, रिपोर्ट तयार. ‘तपासणी सुरू’वर तो तीन दिवस अडकला. त्या तीन दिवसांत मी ॲप किती वेळा उघडलं ते सांगायची लाज वाटते. रात्री अडीचला लॅबमध्ये कोण बसलेलं असणार आहे? तरी उघडायचं. ‘पोहोचला’ दिसल्यावर सूचना बंद करून टाका आणि दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी बघा, एवढं मी तिसऱ्या किटपर्यंत शिकले. रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आला. मदतीचा फोन सोमवारी सकाळी सुरू होणार होता. पॉझिटिव्ह रिपोर्ट शनिवार-रविवारच्या तोंडावर असा एकट्याच्या हातात सोडणाऱ्यांना मी एक तारा कमी देते.

क्लॅमिडिया. लक्षण एकही नव्हतं, आणि बहुतेकांना नसतंच. मी त्याला फोन केला आणि पहिलं वाक्य काय बोलले? “माझा तीन महिन्यांपूर्वी निगेटिव्ह होता, म्हणजे हे तुझ्याकडूनच आलं.” तो नुसता “बरं” म्हणाला. त्याचा स्वतःचा रिपोर्ट दोन दिवसांनी निगेटिव्ह आला, तेव्हा मी जुनं पत्रक शोधून काढलं आणि मागची बाजू वाचली. अकरा दिवस! ज्या निगेटिव्हच्या जोरावर मी भांडले, तो मुळात कच्चा होता. गंमत म्हणजे त्याचाही फारसा पक्का नव्हता. त्याने मधल्या धारेची लघवी दिली होती, कारण लघवीच्या इतर तपासण्यांना तसंच सांगतात. इथे उलट असतं: किमान तासभर लघवी न करता, सुरुवातीचीच धार घ्यायची, थोडीशीच. कोणाकडून कोणाला गेलं हे आम्हाला कधीच कळणार नाही. रिपोर्टवर संसर्ग आहे एवढंच असतं, त्याचं वय नसतं, आणि हा जिवाणू महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतो. मी माफी मागितली. त्याने मान्य केली, पण लगेच नाही.

शेवटी डॉक्टरांसमोर बसावं लागलंच, आणि ‘शेवटचा संबंध कधी’ हा प्रश्न त्यांनी पत्ता विचारावा इतक्या सहज विचारला. दोघांनाही डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. पेलाभर पाण्याबरोबर आणि गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. मी एकदा झाले, घशाखाली दोन दिवस जळत होतं. दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध बंद.

गोळ्या संपल्यावर आठवड्यातच मी तिसरं किट मागवलं. मदतीच्या फोनवरच्या नर्सबाईंनी थांबवलं. ही तपासणी जिवाणूची जनुकीय खूण शोधते, मेलेल्या जिवाणूचीही. चार आठवड्यांच्या आत केली तर उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यापेक्षा तीन महिन्यांनी करा, कारण पुन्हा लागण होण्याचं प्रमाण बरंच असतं. कंपनीच्या बाजूने झालेलं सगळ्यात चांगलं काम हेच, विकलेलं किट वापरू नका म्हणून सांगणं. तो तारा परत दिला. किट तीन महिने कपाटात पडून होतं, मुदतीची तारीख मात्र बघून ठेवा. निगेटिव्ह आलं, या वेळी नीट मोजलेल्या दिवशी.

चौथं किट एचआयव्हीचं, हिरडीवरून काडी फिरवून वीस मिनिटांत घरीच उत्तर देणारं. चार दिवस वाट पाहण्यापेक्षा हे बरं असेल असं वाटलं होतं. छे. वीस मिनिटं त्या खिडकीकडे टक लावून बसणं जास्त जड गेलं. आधी नियंत्रण रेषा, म्हणजे चाचणी नीट चालली एवढंच सांगणारी, उमटते, मग दुसरी न उमटलेली जागा आपण उजेडात धरून धरून बघतो. वीस ते चाळीस मिनिटांच्या मध्येच वाचायचं, नंतर दिसलेल्या रेषेला अर्थ नसतो. दोन रेषा आल्या तरी तो अंतिम निकाल नव्हे, लॅबमधून पक्का करून घ्यावा लागतो. माझी एकच आली. तो तेव्हा स्वयंपाकघरात भांडी विसळत होता आणि दर दोन मिनिटांनी “किती राहिली?” विचारत होता.

स्वॅबचं किट मी पुन्हा मागवेन. रक्तासाठी यापुढे लॅबमध्ये जाऊन सरळ हात पुढे करणार आहे.