शून्य हाताला लागतं का? मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन आणि इंडक्शन, आठ महिन्यांनंतर

मला जन्मापासून दिसत नाही. घर बदललं तेव्हा ही तिन्ही यंत्रं एकदमच घ्यावी लागली आणि गेले आठ महिने ती मी एकटीच वापरते आहे. घेताना डोक्यात एकच होतं, मशीन बोलणारं हवं किंवा निदान फोनवरून चालणारं तरी. आज कुणी विचारलं तर मी आधी वेगळंच विचारीन: त्याचं शून्य हाताला लागतं का?

मायक्रोवेव्ह सगळ्यात साधा आहे. दोन फिरती बटनं, वरचं पॉवरचं आणि खालचं वेळेचं. वेळेचं बटन डावीकडे फिरवत नेलं की एका जागी अडतं, तेच शून्य. तिथून पुढे १, ५ आणि १० मिनिटांच्या खुणांवर मी उठावदार ठिपके चिकटवलेत. बटनावरची उभी कड ठिपक्यासमोर आली की झालं. अगदी कमी वेळ लावायची असेल तर बटन आधी बरंच पुढे न्यायचं आणि मग मागे आणायचं, नाहीतर आतलं घड्याळ नीट धरत नाही. वीस-तीस सेकंद हवे असतील तर मनात मोजून दार उघडते. वेळ संपली की घंटा वाजते. आठ महिन्यांत एकदाही कुणाला हाक मारावी लागली नाही.

वॉशिंग मशीनचं बटन मात्र गोल गोल फिरतच राहतं, कुठेच अडत नाही. पहिल्या दिवशी मी हबकलेच. मग लक्षात आलं की मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की ते दर वेळी कॉटनवरच येतं. म्हणजे शून्य आहे, फक्त ते बटनात नसून चालू करण्यात आहे. तिथून उजवीकडे चार खटके गेलं की क्विक वॉश. हे कळायला बी माय आइजवरच्या एका स्वयंसेवकाची मदत झाली. हे अ‍ॅप २०१५ पासून आहे, व्हिडिओ कॉलवर समोरचा डोळस माणूस आपल्याला दिसत नाही ते वाचून सांगतो. त्यानं पूर्ण पॅनल सावकाश वाचलं, मी ब्रेलच्या पाटीत कागद लावून ते ब्रेलमध्ये उतरवून घेतलं, आणि तो कागद अजून मशीनच्या शेजारीच लटकतोय.

तापमान आणि स्पिनची बटनं टचची आहेत. प्रत्येक पर्यायाला तोच 'बीप', आणि शेवटच्या पर्यायानंतर पुन्हा पहिला. एकदा मोजणी चुकली की मशीन बंद करून पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यासाठी मी मशीनच्या कंपनीचं फोनवरचं अ‍ॅप वापरत होते आणि टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधला पडदा वाचून दाखवणारा आवाज, सगळं नीट वाचायचा. पाचव्या महिन्यात अपडेट आलं आणि पडद्यावर बोट फिरवलं की नुसतं 'बटन, बटन, बटन'. टॉकबॅकमध्ये बिननावाच्या बटनाला आपण स्वतः नाव देऊ शकतो, पण त्यातली दोन बटनं नाव घेतच नाहीत, आणि नेमकी त्यातच स्पिनचं आहे. कंपनीला दोनदा लिहिलं, अजून दुरुस्ती नाही. मशीन तेच, मी तीच, आणि काल जमत होतं ते आज जमत नाही, याचा फार त्रास होतो. म्हणून अ‍ॅपच्या भरवशावर मशीन घेऊ नका. मशीन अ‍ॅपशिवाय पूर्ण चालत असेल तरच घ्या.

इंडक्शनची निवड चुकली. सपाट काच, वर टच. आम्ही बोटांनी शोधतो, आणि इथे शोधणं म्हणजेच दाबणं. बटनावरच ठिपका चिकटवून उपयोग होत नाही, कारण ठिपका चाचपताना बोट काचेला लागतंच. मी ठिपके बटनांच्या रांगेखाली, पॅनलच्या बाहेर लावले. आधी ठिपका शोधायचा, मग बोट उचलून सरळ वर टेकवायचं. तरीही दुसऱ्या महिन्यात एकदा पॉवर कमी करायला गेले आणि वाढवून बसले. पाणी उतू जाऊन पॅनलवर आलं, बीप थांबेना, आणि ओल्या काचेवर कुठलंच बटन ऐकेना. हात थरथरत होते. शेवटी भांडं उचलून बाजूला ठेवलं. भांडं नसलं की इंडक्शन तापवणं थांबवतं, हे मला माहीत होतं म्हणून निभावलं. काच भांड्याच्या उष्णतेनं नंतरही तापलेली असते, पण ते सांगणारा दिवा फक्त डोळस लोकांसाठी आहे. भिंतीवरचं बटन लगेच बंद करायचं नाही, आतला पंखा थांबेपर्यंत ऐकत राहायचं, हेही तेव्हाच शिकले. फिरत्या बटनांचं इंडक्शनही मिळतं, पुढचं मी तेच घेईन.

दुकानात जाल तेव्हा विजेला जोडलेलं मशीन मागा. तीनदा बंद-चालू करून ते दर वेळी त्याच जागी सुरू होतं का, ते बघा. 'वाढवा' आणि 'कमी करा'चे आवाज वेगळे आहेत का, शेवटच्या टोकाला ते थांबतं की पुन्हा पहिल्यावर जातं, हेही तपासा. विक्रेता घाई करेल, करू द्या. बरोबर डोळस माणूस असला तरी हात तुमचेच लागू देत.

मायक्रोवेव्हचे तिन्ही ठिपके अजून पहिलेच आहेत. इंडक्शनचे वाफेनं सुटतात, या आठवड्यात तिसऱ्यांदा नवे लावले.