निसर्गासाठी मिळून गुंतवणूक : म्युच्युअल फंड की शेतकरी उत्पादक कंपनी?

निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतला काही भाग निसर्ग राखणाऱ्या कामात, आणि तोही एकट्याने नव्हे तर इतरांबरोबर गुंतवावा, असे ठरवल्यावर माझ्यासमोर दोन वाटा होत्या : पर्यावरणाचे निकष लावणारा म्युच्युअल फंड, किंवा यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा तालुक्यातली आमची शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकरी सभासदांच्याच मालकीची कंपनी. चार वर्षे दोन्हीकडे पैसे ठेवून पाहिले. ज्यांना हाच निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

फंडाची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. एकट्यादुकट्या भागधारकाला मोठी कंपनी दाद देत नाही. मोठ्या गुंतवणूकदारांनी मिळून एकच प्रश्न लावून धरला, तर संचालक मंडळाला तो टाळणे अवघड जाते. डिसेंबर 2022 मध्ये मॉन्ट्रियलच्या जैवविविधता परिषदेत जाहीर झालेला 'नेचर ॲक्शन 100' हा उपक्रम याच तत्त्वावर चालतो. खाणकाम, रसायने, अन्न अशा आठ क्षेत्रांतल्या 100 कंपन्यांकडे संस्थात्मक गुंतवणूकदार निसर्गाची हानी थांबवण्याची मागणी एकत्रितपणे करतात. आपल्याकडे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने एप्रिल 2022 पासून म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या सर्व ठरावांवर मत देणे बंधनकारक केले आहे. आमच्या शेतात फवारले जाणारे औषध ज्या कारखान्यात तयार होते तिथपर्यंत गावची कंपनी पोहोचू शकत नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

माझे मन उतरले ते एका गोष्टीमुळे. फंडाचा मतदानाचा तिमाही तक्ता मी नेमाने वाचत असे. संचालकांची फेरनेमणूक, लेखापरीक्षकांचे मानधन, पुन्हा संचालकांची फेरनेमणूक, असा तो पानामागून पान चाले आणि कारणाच्या रकान्यात 'कायद्याशी सुसंगत' एवढेच असे. जंगल, पाणी, कीटक यांच्याबद्दल एक ओळ नाही. माझ्या पैशाच्या बळावर तुम्ही कोणत्या कंपनीला निसर्गाबद्दल काय विचारले, असे मी दोनदा लिहून विचारले. सात आठवड्यांनी उत्तर आले : 'आम्ही कंपन्यांशी सातत्याने संवाद साधत असतो.' कोणाशी, कशाबद्दल, त्यातून काय निघाले, यातले काहीही नाही. तो संवाद होतच नसेल असे मी म्हणणार नाही, कदाचित बंद दाराआड होत असेलही. पण ज्या प्रश्नासाठी पैसे दिले तो विचारला गेला की नाही हेच कळू नये, याचा त्रास दर तिमाहीला वाढत गेला. पुढे कंपन्यांचे अहवाल उघडले तेव्हा लक्षात आले, की पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना सेबीने शाश्वतता अहवाल सक्तीचा केला असला, तरी संवेदनशील क्षेत्रातल्या जैवविविधतेवर काय परिणाम झाला हा प्रश्न त्यात ऐच्छिक भागात आहे. मी पाहिलेल्या बहुतेक अहवालांत तिथे 'लागू नाही' असे लिहिले होते.

उत्पादक कंपनीत वैयक्तिक सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच असते. माझे 25,000 रुपये आणि शेजाऱ्याचे 1,000 रुपये सभेत सारखेच. गेल्या वार्षिक सभेत गोदामाच्या ओट्यावर ठराव मांडला गेला : धुऱ्यालगतच्या (बांधालगतच्या) कपाशीच्या दोन तासांवर, म्हणजे ओळींवर, फवारणी करायची नाही, धुऱ्यावरची बोर, हिवर, पळस तोडायचे नाहीत, आणि जो हे पाळेल त्याला कंपनीच्या वाढाव्यातून क्विंटलमागे ठरावीक रक्कम द्यायची. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली होती, त्यामुळे विषय कोणाला नवा नव्हता. तरी एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले. "बोंडअळी आली अन् त्या दोन तासाइतून वावरभर पसरली, तर माह्यं नुकसान कोन भरून देईन?" प्रश्न रास्त होता. बराच वेळ बोलणे झाले, निम्म्या भरपाईची अट ठरावात घातली गेली आणि हात वर करून तो मंजूर झाला. मला जो संवाद हवा होता तो हाच.

याचा परिणाम मी मोजलेला नाही. यंदा तुरीच्या फुलोऱ्यात सकाळी धुऱ्यावर उभे राहिले की मधमाश्यांचे गुणगुणणे कानावर येत होते आणि संध्याकाळी तित्तर बोलत होते, एवढेच सांगू शकतो. इथला निसर्ग अभयारण्याच्या हद्दीत थांबत नाही. 2019 मध्ये इथल्या टिपेश्वर अभयारण्याचा एक वाघ शेतशिवारांतून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. त्याची वाट अशाच धुऱ्यांवरून आणि नाल्यांवरून जाते.

अडचणी आहेतच. हे भाग शेअर बाजारात विकता येत नाहीत. ते संचालक मंडळाच्या मान्यतेने दुसऱ्या सक्रिय सभासदालाच, तेही दर्शनी किमतीला देता येतात. म्हणून दुखण्याखुपण्यासाठी राखलेला पैसा इथे घालू नये. शिवाय सभासद होण्यासाठी स्वतः उत्पादक असावे लागते. ज्यांना शेती नाही त्यांनी फंडच घ्यावा, मात्र ओळखीच्या दहा-वीस युनिटधारकांनी एकच प्रश्न एकाच मजकुरात दर तिमाहीला पाठवावा, असे सुचवावेसे वाटते. एकट्याच्या पत्राला काय उत्तर येते ते मी पाहिले आहे.

मी फंडातली जुनी युनिट्स काढलेली नाहीत. मासिक हप्ता मात्र थांबवला आणि ती रक्कम कंपनीच्या भागांत वळवली. पुढच्या सभेत नाल्याच्या दोन्ही काठांची पट्टी पडीत ठेवण्याचा ठराव मी मांडणार आहे. त्याला विरोध होईल, कारण त्यातली काही जमीन दोन सभासदांनी वहितीत घेतली आहे आणि त्यातला एक माझा चुलतभाऊ आहे.