ऊरचा झिग्गुरात: पायऱ्यांपेक्षा विटा बघा

इराकमधल्या नासिरियाहून ऊर हे प्राचीन मेसोपोटेमियातलं शहर गाडीने अगदी जवळ. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि अवशेषांत सावली जवळपास नाहीच, म्हणून नोव्हेंबर ते मार्चमध्ये, तेही सकाळी जा. माणशी दोन लिटर पाणी आणि बंद बूट हवेतच.

ऊर-नम्मू राजाच्या या झिग्गुरातचा, म्हणजे टप्प्याटप्प्यांनी उंच होत जाणाऱ्या विटांच्या मंदिर-मनोऱ्याचा, दर्शनी भाग आणि जिने १९८०च्या दशकात नव्याने बांधलेत. त्यामुळे वर चढण्याआधी बाजूच्या भिंतींशी थांबा. जुन्या भाजक्या विटांच्या सांध्यांत काळं डांबर अजून दिसतं, शिवाय गाभ्यातल्या कच्च्या विटांची ओल निघावी म्हणून ठेवलेली भोकंही. फार सुंदर काम! फलक तुटपुंजे, जाणकार वाटाड्या घ्याच. इथल्या राजथडग्यांतला (राजघराण्यातल्या कबरींमधला) ऐवज मात्र बगदाद, लंडन आणि फिलाडेल्फियाच्या संग्रहालयांत आहे.