कर्वेनगरचं भाडेकराराचं दुकान: मुदतीआधी घर सोडताना खरी परीक्षा झाली

बदलीची नोकरी असेल आणि पुण्यात भाड्याने घर घेत असाल, तर करार या दुकानात करा. मी सरकारी बँकेत आहे. ११ महिन्यांचा करार, त्यात ६ महिन्यांचं लॉक-इन (म्हणजे तेवढे महिने घर सोडायचं नाही), आणि ते संपायच्या आतच रत्नागिरीची ऑर्डर हातात पडली. तरीही माझं ७५ हजारांचं डिपॉझिट परत आलं, त्याचं मोठं श्रेय या दुकानाला आहे.

दिसायला साधं झेरॉक्सचं दुकान. आतल्या टेबलावर लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन. याआधीच्या घरांचे करार ज्या एजंटांनी केले, त्यांनी तयार मसुद्यात नावं आणि भाडं बदललं, अंगठे घेतले आणि गेले. इथले दादा एकेक कलम मोठ्याने वाचतात. लॉक-इनपाशी थांबून त्यांनी विचारलं, "मॅडम, नोकरी बदलीची ना? मग हे असंच ठेवू नका." मसुद्यात होतं की लॉक-इनमध्ये घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भरायचं. त्यांनी घरमालकांसमोरच एक अट सुचवली: बदलीचा लेखी आदेश दाखवल्यास लॉक-इन लागू नाही, एक महिन्याची नोटीस पुरे. मालकांनी कुरकुर केली, पण घर रिकामं पडलं होतं, त्यामुळे मान्य केलं. सही झाल्यावर हीच गोष्ट मागितली असती तर त्यांनी ऐकूनही घेतलं नसतं.

करार ऑनलाइन नोंदवला. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं आमच्या शाखेतही अनेकजण ठामपणे सांगतात. ते महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १ हजार रुपये, आणि मुद्रांक शुल्क एकूण भाडं व डिपॉझिटवरचं १० टक्के गृहीत व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का. १८ हजार भाड्याला ते पाचशेच्या आसपास गेलं. दुकानाची फी वेगळी, आणि ती इतरांपेक्षा जास्त आहे. मला ती पूर्ण पटली.

ऑर्डर आल्यावर मालक अपेक्षेप्रमाणे फिरले. "लॉक-इन म्हणजे लॉक-इन, डिपॉझिट विसरा." मी घाबरून दुकानात गेले. दादांनी कराराची प्रत उघडून ती अट दाखवली आणि पुढचं सगळं क्रमाने सांगितलं. नोटीस कागदावर द्या, आदेशाची प्रत जोडा, दुसऱ्या प्रतीवर मालकांची तारखेसह पोच घ्या, तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. फोनवरचं बोलणं धरू नका. अशी अट नसलेल्या करारांचं काय, हेही मी विचारलं. ते म्हणाले, करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार ठरलेला दंड ही कमाल मर्यादा असते, त्याच्या आत मालकाला वाजवी भरपाई मिळते. पण तिथे वाद घालायला वकील लागेल, ते माझं काम नाही. आपली हद्द ओळखणारा माणूस मला फार विश्वासाचा वाटतो.

घर सोडायच्या दिवशीचा कागदही त्यांनीच करून दिला: दोघांच्या संमतीने करार संपला, ताबा आणि किल्ल्या परत मिळाल्या, वीज मीटरचं रीडिंग इतकं, गॅसचं बिल भरलेलं, डिपॉझिटमधून काय कापलं आणि किती परत दिलं. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. मला आधी हे जास्तीचं वाटलं. पण मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट भाडं लागू शकतं, त्यामुळे जागा कधी सोडली याचा पुरावा भाडेकरूजवळच हवा, असं दादांनी समजावलं. रंगकामाचे पैसे मालकांनी मागितलेच. भिंतींचे राहायला येतानाचे फोटो माझ्याकडे होते, ते दाखवल्यावर फक्त स्वयंपाकघराच्या एका भिंतीचे कापले. बाकी रक्कम किल्ल्या देतानाच खात्यात जमा झाली. पैसे दिसल्याशिवाय सही करू नका, हेही दादांनी बजावलं होतं.

दोन तक्रारी आहेत. मराठी मसुद्यात टायपिंगच्या चुका राहतात. माझ्या इमारतीचं नाव चुकलं होतं, म्हणून सबमिट करण्याआधी प्रत्येक नाव आणि आकडा स्वतः तपासा. आणि मालकांच्या आईंचा अंगठा मशीन घेईना, खूप वेळ गेला, शेवटी दुसऱ्या बोटाने जमलं. वयस्कर मालक असतील तर सकाळची वेळ मागा. दादा घरी येऊनही अंगठे घेतात, त्याचे पैसे वेगळे. रविवारी दुकान बंद असतं.